तिखट कळते, कांदा कळत नाही

(विज्ञान व भाषा पाठ. मोठ्या गटातील मुलांनी स्वतः वाचावा. लहान गटातील मुलांना पालकांनी वाचून दाखवावा.)

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी कुत्रा आहे, काहींच्या घरी मांजर आहे. ज्यांच्या घरी कोणीच नाही, त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तरी दोन-चार मांजरे असतातच. जेवणाची वेळ झाली की ही मंडळी जवळ येऊन बसतात आणि आपल्या ताटाकडे टक लावून पाहतात. अशा वेळी हातातला घास त्यांना द्यावासा वाटतो. आई म्हणते, "तिखट आहे ते, देऊ नकोस." मग आपण युक्ती करतो. रश्श्यातला मटणाचा तुकडा नळाखाली धुतो, तिखट गेले असे समजतो आणि खुशाल देतो.

आईचे म्हणणे बरोबरच आहे. पण तुकडा धुतल्याने काम भागते का? आणि जो पदार्थ मुळीच तिखट नाही, तो चालतो का? आजच्या पाठात आपण हे समजून घेऊ.

१. पोपट मिरची खातो, मग कुत्रा का नाही?

पोपट हिरवी मिरची आवडीने कुरतडतो. त्याचे तोंड भाजत नाही. असे का?

मिरचीत कॅप्सेसिन नावाचा पदार्थ असतो. आपल्या तोंडातील मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी एक यंत्रणा असते. गरम चहा तोंडात गेला की ती मेंदूला कळवते, "भाजले!" कॅप्सेसिन नेमके याच यंत्रणेला चिकटते. त्यामुळे काहीही गरम नसताना भाजल्यासारखे वाटते. म्हणून तिखट ही गोड-आंबट यांच्यासारखी चव नव्हे. ती एक प्रकारची वेदना आहे. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने १९९७ साली ही यंत्रणा शोधून काढली. २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पक्ष्यांमध्ये ही यंत्रणा असते, पण कॅप्सेसिन तिला जागे करू शकत नाही. म्हणून पोपटाला मिरची झोंबत नाही. यात मिरचीच्या झाडाचाही फायदा आहे. पक्षी बिया न चावता गिळतात आणि दूरवर नेऊन टाकतात. सस्तन प्राणी मात्र दातांनी बिया चिरडून टाकतात. त्यांना दूर ठेवण्यासाठीच जणू झाडाने हा तिखटपणा राखला आहे.

कुत्रा आणि मांजर हे सस्तन प्राणी आहेत. त्यांना आपल्यासारखीच मिरची झोंबते. माणसाच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या सुमारे १,७०० आणि मांजराच्या तर पाचशेच्याही आत. पण तिखट ही चव नसल्यामुळे रुचिकलिका कमी असूनही त्यांची सुटका होत नाही. शिवाय कुत्रा घास चावत बसत नाही, भराभर गिळतो. त्यामुळे तोंडाला कळायच्या आत तिखट पोटात गेलेले असते.

२. तिखटाने काय होते?

तिखट पदार्थ खाल्ल्यावर कुत्र्या-मांजरांच्या तोंडातून लाळ गळते. ती पंजाने तोंड पुसतात आणि पुन्हा पुन्हा पाणी पितात. नंतर उलट्या किंवा जुलाब होऊ शकतात. पोट दुखले तरी मुक्या जनावराला ते सांगता येत नाही. ते कोपऱ्यात जाऊन बसते आणि काही खात नाही.

हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत थांबतो. पण आपण राहतो त्या देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा हवेत उलट्या-जुलाबांमुळे अंगातील पाणी फार लवकर कमी होते. पिल्लू किंवा म्हातारे जनावर असेल तर ते जिवावर बेतू शकते.

म्हणून तिखट देऊ नये, हे तर खरेच. तरीही मिरचीचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती लपून बसत नाही. झोंबली की जनावराला कळते आणि त्याची तडफड पाहून आपल्यालाही कळते. खरा धोका आहे तो न झोंबणाऱ्या वस्तूंचा.

३. खरा शत्रू वाटणात लपलेला

आपल्या रश्श्याचे वाटण कशाचे असते? कांदा, लसूण, आले, खोबरे. यातील कांदा आणि लसूण ही कुत्र्या-मांजरांसाठी विषे आहेत. मिरचीचा एक कणही न घातलेला कांदा-लसूणसुद्धा!

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. कांद्या-लसणात गंधकाची काही संयुगे असतात. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते, तेही कांद्यातील गंधकाच्या संयुगांमुळेच. ही संयुगे कुत्र्या-मांजरांच्या रक्तात गेली की हिमोग्लोबिन बिघडते आणि त्याच्या बारीक गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात. १८९० साली अशा गुठळ्यांचे वर्णन करणाऱ्या रॉबर्ट हाइन्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना 'हाइन्झ पिंड' म्हणतात. अशा पेशी लवकर फुटतात. पेशी कमी झाल्या की अंगाला प्राणवायू पुरत नाही. या आजाराला रक्तक्षय म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. कुत्र्यांना कांदा खाऊ घातल्यास रक्तक्षय होतो, हे अमेरिकेतील सेब्रेल या शास्त्रज्ञाने १९३० साली प्रसिद्ध केले होते. मांजराचे हिमोग्लोबिन तर कुत्र्याच्या हिमोग्लोबिनपेक्षाही नाजूक असते, म्हणून मांजराला कमी कांदाही बाधतो. १९९८ साली अमेरिकेतच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तान्ह्या बाळांसाठीच्या तयार अन्नात चवीपुरती कांद्याची पूड असे. आजारी मांजर काही खात नसेल तर लोक तिला हे अन्न भरवत. त्यामुळे मांजरांच्या रक्तात हाइन्झ पिंड वाढतात, असे त्या अभ्यासात दिसून आले. बाळाचे अन्न ते! त्यात तिखट कुठले? तरीही ते मांजराला बाधले.

आता धुतलेल्या तुकड्याकडे वळू. धुतल्याने वरचा मसाला जातो, पण शिजताना आत मुरलेला रस जात नाही. उकळल्याने, तळल्याने किंवा वाळवल्यानेही कांद्यातील विष नाहीसे होत नाही. आणखी एक फसवी गोष्ट अशी की हा परिणाम बहुधा लगेच दिसत नाही. काही दिवस जातात. मग जनावर मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, श्वास जोरात चालतो, लघवी लालसर किंवा तपकिरी होते. तोपर्यंत रविवारचा तो घास सगळेच विसरून गेलेले असतात.

४. थोडा हिशेब

दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम कांदा मांजराच्या रक्तात बिघाड करू शकतो. कुत्र्यासाठी हा आकडा दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम आहे.

मांजराचे वजन ४ किलो धरू. ४ × ५ = २० ग्रॅम. मध्यम आकाराचा एक कांदा साधारण १०० ग्रॅमचा असतो. म्हणजे कांद्याचा फक्त पाचवा भाग!

कुत्र्याचे वजन १० किलो धरू. १० × १५ = १५० ग्रॅम, म्हणजे दीड कांदा. दाट रश्श्याच्या मोठ्या वाडग्यात इतका कांदा सहज असू शकतो.

आता वाळवलेल्या कांद्याचा विचार करा. कांद्यात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असते. म्हणून १०० ग्रॅम कांदा वाळवला की सुमारे १० ग्रॅमच उरतो. मांजराला बाधणारा २० ग्रॅम कांदा वाळला तर २ ग्रॅम होईल, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही. आपल्या कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात नावाप्रमाणेच कांदा आणि लसूण दोन्ही असतात. वजनाला वजन घेतले तर लसूण कांद्याहूनही अधिक बाधतो, हेही लक्षात ठेवा.

सावधान! "२० ग्रॅमपेक्षा कमी दिला तर चालेल" असा याचा अर्थ नाही. रोज थोडा थोडा दिला तरी नुकसान साठत जाते. सुरक्षित प्रमाण एकच, ते म्हणजे शून्य.

५. आपल्या ताटातील पदार्थ

तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा: कोल्हापूरची ही जोडी आपल्याला चांगलाच धडा देते. तांबडा तिखट, पांढरा सौम्य. म्हणून पांढरा देऊन पाहू, असे वाटेल. पण कांदा-लसूण दोन्हींत असतो. रंग बदलला, धोका तोच राहिला.

ठेचा: मिरची, लसूण आणि मीठ. तिन्ही नकोत.

लोणचे, पापड, सुके बोंबील: मीठ फार. तहान, उलट्या आणि त्याहून मोठा त्रासही होऊ शकतो.

पुलाव, गोड शिरा, चिवडा: यांत बेदाणे असतात. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. किती खाल्ल्याने त्रास होईल, हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असते. म्हणून दिवाळीच्या फराळात खाली सांडलेला चिवडा लगेच उचला.

आमटी: फोडणीत लसूण असतोच, शिवाय चिंच असते. द्राक्षांतील टार्टरिक आम्ल हे कुत्र्यांच्या त्रासाचे कारण असावे, असे २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी सुचवले. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते. चिंच खाऊन कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी २०२२ साली प्रसिद्ध झाल्या आहेत.

कोंबडीची शिजवलेली हाडे: शिजल्यावर ठिसूळ होतात. त्यांच्या टोकदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

तळलेले पदार्थ व मटणाची चरबी: कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यात पोट फार दुखते.

चॉकलेट: यातील थिओब्रोमीन कुत्र्या-मांजरांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. चॉकलेट जितके काळे आणि कडू, तितके वाईट. बिनसाखरेच्या च्युइंग गममधील झायलिटॉल तर कुत्र्यांना फारच घातक असते.

यादी पुन्हा वाचा. यातील किती पदार्थ तिखट आहेत? निम्मेसुद्धा नाहीत.

६. मग घास द्यायचा तरी कोणता?

संत नामदेवांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भाकरी कोरडी खाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. मुक्या जीवाला आपल्यातला घास द्यावा, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे आणि ती सोडायची नाही. पण त्या गोष्टीत भाकरी होती, रस्सा नव्हता, हेही ध्यानात घ्या.

कुत्र्याला भाकरी मानवते, याला कारण आहे. पिठूळ अन्न पचवण्याचे जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक प्रती करून असते, असे २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले. हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला! म्हणून त्याच्या नेहमीच्या आहाराबरोबर साधी भाकरी, मऊ भात, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली आणि हाडे काढलेली कोंबडी, उकडलेला भोपळा किंवा गाजर थोड्या प्रमाणात चालते. बी काढलेला एखादा खजूरही चालतो. मात्र बी घशात अडकते, म्हणून ती काढायला विसरू नका.

मांजराचे तसे नाही. ते पक्के मांसाहारी आहे. गोड चव तर त्याला कळतच नाही, कारण ती ओळखणारे त्याचे एक जनुक निकामी झालेले आहे. हे २००५ साली फिलाडेल्फियातील शास्त्रज्ञांनी शोधले. आपल्याकडे मांजराला दूधभात घालण्याची पद्धत आहे. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. शिवाय मांजराला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो. तो मांस-मासळीत असतो, भातात नाही. टॉरिन कमी पडल्यास मांजराचे हृदय दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. मांजराला घास द्यायचाच असेल तर मीठ-मसाला न घातलेला, उकडलेला, काटे काढलेला मासा किंवा कोंबडीचा तुकडा द्या.

सोपी युक्ती अशी: फोडणी घालण्याआधी आणि वाटण पडण्याआधी त्यांचा वाटा बाजूला काढा. ताटातून घास द्यायचा नाही, पातेल्यातून द्यायचा, तोही मसाल्याच्या आधी.

७. चुकून खाल्लेच तर

• उरलेले अन्न ताबडतोब दूर करा. स्वच्छ पाणी समोर ठेवा.
• काय खाल्ले, किती, किती वाजता, जनावराचे वजन किती, हे कागदावर लिहा. पाकीट असेल तर जपून ठेवा.
• नुसते तिखट असेल तर लक्ष ठेवा. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांकडे न्या.
• कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट किंवा झायलिटॉल असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. लगेच पशुवैद्यांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत त्यांना पुष्कळ काही करता येते.
• मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. त्याने अधिक अपाय होतो.
• माणसांची औषधे देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. तीही मांजराच्या हिमोग्लोबिनवरच घाला घालते.

८. पालकांसाठी

पालकहो, "आमच्या गावची कुत्री सगळे खात, त्यांना कधी काही झाले नाही," असे आपण नेहमी म्हणतो. पण त्यांच्या रक्ताची तपासणी कोणी केली होती? जे कुत्रे मलूल होऊन दिसेनासे झाले, त्याचे कारण कोणी शोधले? जगलेली कुत्री आपल्याला आठवतात, गेलेली आठवत नाहीत. शिवाय गावात कुत्र्याच्या वाट्याला बहुधा भाकरी येई. मटणाचा रस्सा सणासुदीला. येथे आपल्या घरी दर सुटीला रस्सा शिजतो.

संयुक्त अरब अमिरातीत प्राणिकल्याणासाठी २००७ चा संघीय कायदा क्रमांक १६ आहे. पाळलेल्या प्राण्याची नीट काळजी घेणे ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे. रस्त्यावरच्या मांजरांना काही घालण्याआधी आपल्या नगरपालिकेचा आणि इमारतीचा नियम जरूर विचारा. उरलेली बिर्याणी कोपऱ्यात ओतून ठेवणे ही भूतदया नव्हे. तिच्यात कांदा असतो, बेदाणे असतात, हाडे असतात आणि उन्हात ती तासाभरात नासू लागते. कडक उन्हाळ्यात नियमात बसत असेल तर सावलीत ठेवलेले वाटीभर स्वच्छ पाणी त्या बिर्याणीपेक्षा मोलाचे आहे.

घरी मदतनीस असतील, पाहुणे येणार असतील, तर त्यांनाही हे आवर्जून सांगा. बहुतेक वेळा असा घास प्रेमापोटीच दिला जातो. म्हणून रागावण्यापेक्षा सांगणे बरे.

शब्दार्थ

सस्तन प्राणी – पिल्लांना दूध पाजणारे प्राणी
रुचिकलिका – जिभेवरील चव ओळखणारे सूक्ष्म भाग
वाटण – वाटून तयार केलेला ओला मसाला
मलूल – निस्तेज, थकलेला
मूत्रपिंड – रक्त गाळून लघवी तयार करणारा अवयव
पशुवैद्य – जनावरांचे डॉक्टर
भूतदया – सर्व प्राणिमात्रांविषयीची दया

वाक्प्रचार (वाक्यात उपयोग करा)

जिवावर बेतणे – प्राणावर संकट येणे
नाकाला मिरच्या झोंबणे – एखादे बोलणे लागून राग येणे
टक लावून पाहणे – एकसारखे पाहत राहणे

स्वाध्याय

१. पोपटाला मिरची का झोंबत नाही?
२. रश्श्यातला तुकडा धुऊन मांजराला दिला तर चालेल का? कारण लिहा.
३. मांजराचे वजन ३ किलो आहे. किती ग्रॅम कांदा त्याला बाधू शकेल? २० किलोच्या कुत्र्याला कमीत कमी किती?
४. जोड्या लावा: चिवडा, ठेचा, आमटी, च्युइंग गम – चिंच, झायलिटॉल, बेदाणे, लसूण.
५. पुढील वाक्य चूक की बरोबर? "जो पदार्थ तिखट नाही, तो कुत्र्याला चालतो."

उपक्रम: या आठवड्यात घरी शिजणारी कोणतीही एक भाजी किंवा आमटी निवडा. तिच्यात काय काय घातले, हे आईला, बाबांना किंवा आजीला फोनवर विचारून मराठीत लिहा. जे जिन्नस कुत्र्या-मांजरांना चालत नाहीत, त्यांच्याखाली लाल रेघ ओढा. मग "यांना देऊ नये" अशी यादी स्वच्छ अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. यादीत मिरची असेलच, पण तिच्याही वर कांदा आणि लसूण लिहा.